दोनशे तेरावं काम

१

पंचवटीत उपेंद्र गायधनींचं घर विचारलंत तर कुणीही दाखवेल, पण दोन तऱ्हांनी दाखवेल. म्हातारी माणसं म्हणतील, "विनायकभटजींचा धाकटा ना? पूजा सोडून यंत्रं करत बसला तो?" आणि तिशीतली पोरं म्हणतील, "ते जुन्या गेमवाले सर? भाजीबाजाराच्या मागे, पहिला मजला." उपेंद्राला दोन्ही ओळखी मान्य होत्या. मनातून दुसरी जरा जास्त.

सत्तावन्न वर्षांचा हा गृहस्थ रोज सकाळी नऊला अंघोळ करून पुढच्या खोलीत जायचा आणि देवपूजेला बसावं तसा एकेक कॉम्प्युटर चालू करायचा. आधी सगळ्यात जुना २८६, मग त्याच्या पुढचा ३८६, मग ४८६. बटण दाबलं की पडद्याकडे बघायचा नाही, डोळे मिटून ऐकायचा. पंखा कसा फिरतो, हार्ड डिस्क कशी कुरकुरते, फ्लॉपीचा ड्राइव्ह घसा कसा खाकरतो. एकदाच 'टूं' वाजलं की प्रकृती ठीक. जास्त वेळा वाजलं की कुठेतरी दुखतंय. कुठे दुखतंय ते त्याला पेटी न उघडता सांगता यायचं, आणि सांगताना तो शेजारी कुणी ऐकायला आहे ना, याची खात्री करून घ्यायचा.

त्याचा खास प्रांत म्हणजे जुने साहसी खेळ. त्यात बंदुका नसत. एक घर असे, खोल्या असत आणि आपण टाइप करायचं: दिवा उचल. उत्तरेला जा. दार उघड. असे खेळ नव्या कॉम्प्युटरवर इतके पळतात की माणूस दारातून आत येण्याआधीच भिंतीवर आपटतो. म्हणून ज्यांना ते खेळ बालपणी खेळले तसेच हवे असत, ते पुण्याहून, बंगळुरूहून आपल्या जुनाट पेट्या उपेंद्राकडे पाठवत.

"माझ्याकडून मशीन गेलं ते चालूनच गेलं," असं तो म्हणायचा, आणि हे अक्षरशः खरं होतं. जे चाललं नाही ते गेलंच नाही. "राहू द्या माझ्याकडे, आठवण म्हणून," असं गोड बोलून त्याने गेल्या तीस वर्षांत सात पेट्या ठेवून घेतल्या होत्या. त्या पोटमाळ्यावर, बायकोच्या जुन्या साडीच्या पडद्याआड गप्प बसलेल्या असत. पाहुणे आले की तो पडदा जरा नीट ओढून घ्यायचा, इतकंच.

२

गायधनींचं मूळ काम तीर्थोपाध्येपणाचं. यात्रेकरू आला की त्याच्या घराण्याची वही काढायची, त्याच्या आज्या-पणज्याचं अक्षर त्याला दाखवायचं आणि मग त्याच्याकडून लिहून घ्यायचं: नाव, बापाचं नाव, गाव, तिथी, बरोबर कोण आलं. लिहायचं यजमानाने स्वतःच्या हाताने. येत नसेल तर अंगठा द्यायचा, पण भटजीने त्याच्या वतीने लिहायचं नाही.

उपेंद्र लहान असताना वडील त्याला पानं उलटायला बसवत. "ज्याचं अक्षर, तो इथे येऊन गेला," ते सांगत. "दुसऱ्याच्या अक्षराला आपलं म्हणू नये. म्हटलंस, तर त्याचं येणंजाणं तुझ्या नावावर लागतं."

उपेंद्राने वही सोडली, पण सवय सुटली नाही. एखाद्या खेळातली चूक त्याने दुरुस्त केली, म्हणजे मूळ प्रोग्रॅमचे काही आकडे बदलून अडलेली वाट मोकळी केली, की फाइलच्या अगदी शेवटी तो रोमन अक्षरांत एक ओळ टाकायचा. 'उपेंद्र विनायक गायधनी, पंचवटी', पुढे कामाचा क्रमांक आणि तारीख. खेळणाऱ्याला ती कधी दिसत नसे. पण कुणी जाणता ती फाइल उघडून बघेल तेव्हा त्याला कळावं की इथे कोण येऊन गेलं. अशी दोनशे बारा कामं झाली होती. शेवटचं २०११ साली. त्यानंतर मोडलेली यंत्रं पुष्कळ आली, पण मोडलेला खेळ एकही आला नव्हता. सगळ्या कामांची नोंद एका निळ्या डायरीत होती, आणि ती डायरी तो गोदरेजच्या कपाटात, बायकोच्या मंगळसूत्राशेजारी ठेवायचा.

३

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रोशनी आली. निफाडची मुलगी, घरी द्राक्षबाग, स्वतः नाशकातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिने आणि तिच्यासारख्या पन्नाससाठ हौशी मंडळींनी मिळून गंगापूर रोडच्या एका सभागृहात पुढच्या रविवारी जुन्या खेळांचा मेळावा ठेवला होता, आणि त्यात उपेंद्राचा सत्कार होता. शाल, श्रीफळ आणि चांदीची फ्लॉपी. त्या फ्लॉपीचा फोटो उपेंद्राने एव्हाना भाजीवाल्यालाही दाखवला होता.

"सर, एक चीज दाखवायचीये," रोशनी म्हणाली. गाडीतून तिने एक ३८६ आणली होती. "मागच्या सीटला पट्टा लावून आणलीये, द्राक्षाच्या पेटीसारखी. माझ्या कुंदनकाकांची. काका गेल्या साली गेले."

पेटीत 'टॅलो मॅनर' नावाचा खेळ होता. त्या नावासरशी उपेंद्र सरसावून बसला. हा खेळ जगात कुणी पूर्ण केलेला नाही. तळघरात एक लोखंडी दार आहे, ते उघडतच नाही. बनवणाऱ्यांची चूक. कंपनी बुडाली आणि दार राहिलं ते राहिलंच. उपेंद्राने स्वतः नव्वदच्या दशकात त्यावर दोन महिने घालवले होते आणि नाद सोडला होता. अर्थात हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

रोशनीने खेळ सुरू केला, भराभर खोल्या ओलांडत तळघरात गेली आणि दार उघडायचा हुकूम टाइप केला.

दार उघडलं. पुढे इंग्रजीत ओळी उमटल्या. अर्थ असा, की ही एक लहान खोली आहे. टेबल आहे, खुर्ची आहे. कुणीतरी आत्ताच उठून गेलेलं आहे.

"काका म्हणायचे, पंचवटीत गायधनींकडे नेलं होतं. भर दुपारी. तासाभरात करून दिलं म्हणे, चहासुद्धा घेतला नाही." रोशनीने प्रोग्रॅमची फाइल उघडून शेवटी नेली. तिथे ओळ होती. उपेंद्र विनायक गायधनी, पंचवटी. २१३. १४ मार्च १९९५.

उपेंद्राने दुरुस्ती शोधून काढली. फक्त अकरा आकडे बदललेले. ती खोली खेळात पहिल्यापासून होतीच, तिच्याकडे जायची वाट तेवढी चुकीच्या जागी वळत होती. ज्याने ती वळवली, त्याने एकही आकडा वाया घालवला नव्हता. इतकं सुंदर काम उपेंद्राने जन्मात पाहिलं नव्हतं. केलं नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

"सर, तुमचंच ना हे?" रोशनीचे डोळे चमकत होते. "रविवारी स्टेजवर हेच दाखवायचं म्हणतोय आम्ही. सगळे येडे होतील."

चोरी करायची असती तर त्याने दोनदा विचार केला असता. ही तर आपल्याच नावाची गोष्ट. आयतं ताट समोर आलं, वर आपलंच नाव कोरलेलं.

"हो," उपेंद्र म्हणाला. "माझंच."

४

पेटी रविवारपर्यंत तिथेच ठेवून रोशनी गेल्यावर त्याने निळी डायरी काढली. मार्च ९५ मध्ये तो चौसष्टाव्या कामावर होता. मग २१३ हा आकडा त्या वर्षी कुणी कसा घालेल? दोनशे बारावर आपण थांबणार, हे १९९५ साली त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"उत्तरा, चौदा मार्च पंच्याण्णवला आपण कुठे होतो गं?"

"असं काय विचारता?" बायको स्वयंपाकघरातून हसली. "साताऱ्याला मला बघायला आला होतात की. माझ्याकडे बघायचं सोडून पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसला होतात."

म्हणजे त्या दुपारी तो नाशकातच नव्हता. उपेंद्राने स्वतःची समजूत घातली. जुन्या पेट्यांची बॅटरी गळते, घड्याळ भरकटतं, तारखेचा काय भरवसा? आकडा कुणीतरी मागाहून बदलला असेल. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे सांगण्यातच त्याचा जन्म गेला होता. त्याने डायरीत दोनशे बाराच्या खाली २१३ असं लिहिलं, पुढे 'टॅलो मॅनर' लिहिलं आणि डायरी बंद केली.

सोमवारी दुपारी तो नेहमीप्रमाणे दोन वाजता आडवा झाला आणि साडेतीनला उठून पुढच्या खोलीत आला. टेबलावर ओझरच्या एका मास्तरांची २८६ होती. हिला त्याने चौदा वर्षांपूर्वी पोटमाळ्यावर चढवलं होतं. आता ती चालू होती, आणि तिच्यावरचा खेळ, जो नेहमी तिसऱ्याच खोलीत गोठायचा, तो सातव्या खोलीत उपेंद्राच्या हुकमाची वाट बघत थांबला होता. फाइलच्या शेवटी ओळ होती. क्रमांक २१४. पेटीला बॅटरीच नव्हती, घड्याळ चालत नव्हतं, म्हणून फाइलवरची तारीख १९८० सालातली. ओळीतली मात्र आजची.

खरं सांगायचं तर त्याला आधी भीती वाटली नाही. आनंद झाला. चौदा वर्षांचं शल्य गेलं. मग त्याने विचार केला. झोपेत चालणारी माणसं असतात. झोपेत सोल्डरिंग करणारे आपणच पहिले असू, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचाही त्याला थोडा अभिमान वाटला.

"एवढी जड पेटी एकट्याने खाली काढलीत?" उत्तरा दारात उभी राहून रागावली. "कंबरेचं काय सांगितलंय डॉक्टरांनी?"

कंबर मुळीच दुखत नव्हती. त्याने ते उत्तराला सांगितलं नाही.

५

मंगळवारी २१५ झालं. बुधवारी उपेंद्राने ठरवलं, की आज दुपारी झोपायचंच नाही, घरातच थांबायचं नाही. तो पिशवी घेऊन भाजीबाजारात गेला. मेथी घेतली, मटार घेतले, रिक्षावाल्यांशी राजकारणावर बोलला आणि तीन वाजता जिना चढू लागला.

जिन्याच्या वळणावरच त्याला कीबोर्ड ऐकू आला.

जुन्या कीबोर्डाचा आवाज लपत नाही. प्रत्येक कळ वाजते. उपेंद्र चारच बोटांनी टाइप करायचा. तरुणपणी उजव्या हाताचं मधलं बोट सोल्डरने भाजलं होतं, ते त्याने कायमचं वर उचलून धरायची सवय लावून घेतली होती. त्यामुळे त्याच्या टायपिंगमध्ये एक लंगडी लय होती, आणि ओळ संपली की एंटर तो मुठीने दारावर थाप मारावी तसा हाणायचा. ती लय आता दाराच्या आतून येत होती. लंगडी, बिनचूक. फक्त जरा सावकाश.

आतून उत्तराचा आवाज आला, "चहा टाकू का?"

"हं," कुणीतरी म्हणालं.

मेथीची पिशवी हातात धरून उपेंद्र स्वतःच्या दाराबाहेर उभा राहिला. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. आत एंटर वाजला. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. त्याने किल्लीने दार उघडलं.

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर तिसरी पेटी चालू होती, खिडकी बंद होती, त्याचा जास्तीचा चष्मा घडी घालून कीबोर्डाशेजारी ठेवला होता. इतक्यात उत्तरा चहा घेऊन आली. एकच कप होता.

"हा शर्ट कधी घातलात?" तिने विचारलं. "आत्ता तर बनियनवर पाठमोरे बसला होतात." आणि त्याच्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "भाजीही आणलीत? बरं झालं. आजकाल शहाण्यासारखं वागताय."

उपेंद्राने तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं, की खरं सांगायला लागलो तर सुरुवात 'हे मी केलेलं नाही' इथूनच करावी लागेल. त्याने चहा घेतला. चहात साखर नव्हती. उत्तरा म्हणाली, "कालच तर म्हणालात, बंद कर म्हणून."

६

गुरुवारी २१७ झालं. शुक्रवारी सकाळी तो चुलतभावाकडे गेला. दत्तूदादा सत्तरीचा, गायधनींच्या सगळ्या वह्या आता त्याच्याकडे. महाराष्ट्रात कुठलंही गाव सांगा, दत्तूदादा तीन मिनिटांत पान काढणार. अक्षर पाहून माणूस सांगण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या रामकुंडावर कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःही मानायचा. अभिमान हा गायधनींच्या रक्तातच होता.

कुंदनच्या पेटीबरोबर आलेली फ्लॉपी उपेंद्राने पुढे केली. तिच्या लेबलवर निळ्या शाईने मराठीत लिहिलेलं होतं: उपेंद्र विनायक गायधनी, पंचवटी, २१३.

दत्तूदादाने ती उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. "तुझंच अक्षर."

उपेंद्राचा जीव भांड्यात पडला. "मग मीच लिहिलेलं असणार. विसरलो असेन."

"मी म्हटलं अक्षर तुझं. तू लिहिलंयस असं कुठे म्हणालो?" दादाने फ्लॉपी खाली ठेवली आणि धोतराला बोटं पुसली. "उपेंद्रा, तुझ्या अक्षरात घाई असते. लहानपणापासून. वेलांटी पुरी व्हायच्या आत तू पुढच्या अक्षरावर. याला घाई नाही. याने बसून, सवडीने लिहिलंय. कुणी विचारायची वाट बघितलेली दिसते." तो थांबला. "कुणी विचारलं तुला?"

"एका मुलीने."

"आणि तू काय म्हणालास?"

उपेंद्राने फ्लॉपी उचलून घेतली. दादाला कळायचं ते कळलं.

"आपल्या धंद्यात अशी चूक होते कधीकधी," दादा हळू आवाजात म्हणाला. "भलत्याच घराण्याला सांगून बसतो, हे तुमचे पूर्वज. कळलं की सगळ्या यजमानांसमोर उठायचं आणि मोठ्याने म्हणायचं, हे आमचं नव्हे, माझी चूक झाली. लाज वाटते. पण वही स्वच्छ राहते. तुझा सत्कार कधी आहे?"

"रविवारी."

"मग तिथेच सांग. त्या मुलीसमोर, लोकांसमोर. आणि उपेंद्रा, वेळेवर जा बाबा."

७

सांगायला काय जातं? एक वाक्य. पण माणसाने तीस वर्षं ज्या खुर्चीची वाट बघितली, तीत बसल्या बसल्या म्हणायचं की हे माझं नव्हे? समोर उत्तरा असणार. तिने साताऱ्याच्या नातेवाइकांना फोटो पाठवायचं कबूल केलं होतं. लग्नानंतर कित्येक वर्षं लोक तिला विचारायचे, 'मिस्टर काय करतात?' आणि ती म्हणायची, 'दुरुस्ती.' परवा मात्र शेजारच्या बाईंना ती म्हणाली होती, "यांचं नाव आहे हो त्या लाइनमध्ये." ते उपेंद्राने आतून ऐकलं होतं, आणि ते ऐकून त्याला जे वाटलं ते चांदीच्या फ्लॉपीने वाटणार नव्हतं.

म्हणून शनिवारी त्याने पळवाट काढली. उत्तरा देवळात गेल्यावर तो पुढच्या खोलीत गेला. पोटमाळ्यावरून उतरलेल्या सहापैकी पाच पेट्या भिंतीशी रांगेने चालू होत्या, सहावी टेबलावर. तो मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "दोनशे तेरापासूनचं काम माझं नाही. माझी चूक झाली."

पेट्यांचे पंखे फिरत राहिले. बाकी काही झालं नाही. त्याला एकदम हलकं वाटलं. झालं की सांगून! सगळ्यांसमोरच सांगितलं पाहिजे असं थोडंच आहे? उद्या शाल घ्यावी, दोन शब्द बोलावेत, घरी यावं. दुपारी तो शांत झोपला, आणि संध्याकाळी भाषणाची तयारी करून आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं.

रविवारी साडेनऊला रोशनी गाडी घेऊन आली. काकांच्या ३८६ला आणि उत्तराला घेऊन ती पुढे निघाली. "सर, तुम्ही अकराला या, सगळं मांडून ठेवते."

"हो हो, पूजा आटपून स्कूटरने येतोच."

पूजा करून तो पुढच्या खोलीत चावी घ्यायला गेला. पोटमाळ्यावरचा पडदा बाजूला सारलेला होता आणि वर काही नव्हतं. सातवी पेटी टेबलावर होती. ती त्याच्या शिक्षकांची. २००० साली त्यांनी विश्वासाने दिली होती आणि ती दुरुस्त व्हायच्या आत ते वारले. त्या एका पेटीसाठी उपेंद्र रडला होता. आता तिचा पंखा मऊ फिरत होता, आणि शेवटच्या ओळीत २२० होतं, आजची तारीख होती. पुढे, आजवर कधी नसलेलं, आणखी एक वाक्य होतं. रोमन अक्षरांत, मराठीत: 'पोटमाळा मोकळा झाला. निघतो.'

आता उपेंद्राने खरंच ठरवलं. शाल नको, फ्लॉपी नको, उत्तराची मान खाली गेली तरी चालेल. स्टेजवर चढायचं आणि सांगायचं.

जिन्याखाली स्कूटर सुरू होईना. वीस किका मारल्या. प्लग काढला, पुसला, लावला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनचं दुखणं कानाने ओळखणाऱ्या त्या माणसाला आपल्याच दारातल्या स्कूटरचं काय बिघडलंय ते कळेना. उत्तराला फोन लावला. तिने तो पर्समध्ये मुका करून ठेवलेला असणार. शेवटी रिक्षा मिळाली तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि पुलावर गाड्यांची रांग लागली होती.

८

सभागृह भरलेलं होतं. मागच्या रांगांत माणसं उभी होती. उपेंद्र आत शिरला तेव्हा मोठ्या पडद्यावर तळघरातलं दार उघडलेलं होतं आणि लोक नुकतेच टाळ्या वाजवून थांबले होते. समोर एक रुंद खांब आडवा येत होता. त्याने मान वाकडी केली तरी स्टेजचा एकच कोपरा दिसत होता. माइकचा दांडा दिसत होता. त्यावर उजवा हात होता, मधलं बोट वर उचलून धरलेलं. कोपरावरून शालीची किनार खाली आली होती.

मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. रेकॉर्डिंगमधला ऐकताना नेहमी परका वाटतो तसा नाही. आतून ऐकू येतो तसा.

"तुम्ही माझं इतकं कौतुक केलंत," तो आवाज म्हणाला. त्याला घाई नव्हती. "पण आज एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली पाहिजे. आधीची दोनशे बारा कामं माझी नाहीत."

हेच तर उपेंद्र सांगायला आला होता. उलटं. अगदी उलटं.

"ज्यांनी ती केली, ते मोठे कारागीर होते. मी त्यांच्याच घरात बसून शिकलो. ते नसते तर मी नसतो. माझं स्वतःचं काम तेवढं दोनशे तेरापासून. म्हणून ही शाल मी त्यांच्या नावाने घेतो."

'होते,' असं तो म्हणाला. उपेंद्राने ते नीट ऐकलं.

पहिल्या रांगेत उत्तरा होती. ती पदराने डोळे पुसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते उपेंद्राने तीस वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. शेजारून रोशनी तिच्या कानात काहीतरी म्हणाली. उत्तराने मान डोलावली आणि सहज मागे वळून सगळ्या गर्दीवर नजर फिरवली, आपल्या माणसाचं कौतुक करायला कोण कोण आलंय ते बघावं तशी. ती नजर उपेंद्रावरून गेली. कुठेही थांबली नाही.

"किती साधा माणूस," शेजारी उभा असलेला एक तरुण म्हणाला. "एवढं करून म्हणतोय, माझं नाही. असं कोण म्हणतं हो आजकाल?"

उपेंद्राला ओरडायचं होतं. ती दोनशे बारा माझी आहेत, माझी. पण त्याच्या छातीत वेगळंच काहीतरी भरून आलं होतं. किती नेमकं बोलला तो. एक शब्द वाया घालवला नाही. आपल्याला हे असं जमलं नसतं.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, थांबेचना. आणि त्या वाजवणाऱ्या हातांत आपलेही दोन आहेत, हे उपेंद्राला जरा उशिरानेच कळलं.